औसा रोडवरचे विमावाले काका, लातूर

स्विफ्टचा विमा संपत आला होता. दुसऱ्या एका एजंटाने फोनवरच ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, धरून हप्ता सांगितला. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तरच तेवढा मिळतो, आणि आमचा गेल्या साली बंपरचा क्लेम झालेला! काकांनी आधी जुनी पॉलिसी मागितली, चष्मा लावून प्रस्तावाचा एकेक रकाना वाचून दाखवला. गाडी चालवणाऱ्याला अपघातात शिक्षा झालीय का, हाही प्रश्न असतो. धाकट्याला मागे दंड झालाय, तो लिहायला लावला. हप्ता वाढला, वाढू दे. लपवलेलं निघालं तर ऐन वेळी क्लेम नाकारतात. खरं विचारणारा असा माणूस दुर्मिळच. दुपारी गर्दी असते, सकाळी जा.