पीक, कीड-रोग की माती-पाणी? स्पेशलायझेशन घेण्याआधी हे वाचा

ॲग्रीकल्चर घ्यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न हाच, प्लांट सायन्स घेऊ, कीड-रोग घेऊ की माती-पाणी. बरेच जण मित्र कुठे चाललेत ते बघून ठरवतात आणि मला ते खरंच खटकतं, कारण तिन्हीकडचं रोजचं काम अगदी वेगळं आहे.

एक पिवळं पान घ्या. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर पहिला संशय नत्राचा, कारण नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. उलट शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आता प्लांट सायन्सवाला विचारणार की हाच वाण का पिवळा पडला, बाजूचा हिरवागार कसा काय? माती-पाणीवाला म्हणणार, लोह मातीत भरपूर असेल पण सामू (मातीचा पीएच) ८ च्या आसपास गेला की ते मुळांना मिळत नाही, नाहीतर पाणी साचून मुळं गुदमरली असतील. आणि कीड-रोगवाला आधी पान उलटं करून मावा आहे का बघणार, मग झाड उपटून मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींच्या) गाठी शोधणार. यातला कुठला प्रश्न तुम्हाला आधी पडला असता? माझ्या मते निवडीची सुरुवात तिथूनच करावी.

प्लांट सायन्समध्ये जेनेटिक्स, फिजिऑलॉजी आणि ब्रीडिंग येतं, आणि इथे सगळ्यात जास्त लागतो तो पेशन्स. स्वपरागित (स्वतःच्याच परागांनी फळणाऱ्या) पिकात दोन वाणांचा क्रॉस केला की पहिल्या पिढीत रोपं एकसारखी दिसतात, दुसऱ्या पिढीत गुणांची सरमिसळ होते, मग निवड करत करत गुण स्थिर व्हायला पाच-सहा पिढ्या सहज जातात आणि त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या, म्हणजे एका वाणामागे दहाएक वर्षं धरून चाला. डीएनए मार्कर (हवा तो गुण ओळखायची जनुकीय खूण) वापरून निवड लवकर होते हे खरं, पण चिमट्याने पुंकेसर काढायचे, पिशवी बांधायची, टॅग लावायचा, नोंद ठेवायची हे काम सुटत नाही. रिसर्चमध्ये पुढे जायचं तर बहुतेकदा पीएचडी लागतेच.

कीड-रोगात रिझल्ट लवकर दिसतो. फवारण्या शिकायच्या एवढाच हा विषय, असा एक मोठा गैरसमज आहे. उलट इथे फवारणी कधी करायची नाही हे शिकवतात. कीड दिसली म्हणून औषध मारायचं नसतं, नुकसान खर्चापेक्षा जास्त होईल अशी पातळी येण्याआधी मारायचं, ही आर्थिक पातळीची कल्पना १९५९ मध्ये नीट मांडली गेली. त्याच्याही कितीतरी आधी, १८८८-८९ मध्ये, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या छोट्याशा ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या होत्या. दुसरी बाजू पण बघा, डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या म्युलरना १९४८ मध्ये नोबेल मिळालं, तोपर्यंत काही ठिकाणी घरमाश्या त्याला जुमानेनाशा झाल्या होत्या. ज्याची नजर बारीक आहे, ज्याला अंडी-अळी-कोष यांचा हिशोब ठेवायला आवडतो आणि जो उन्हात फिरायला कंटाळत नाही त्याने बिनधास्त हे घ्यावं. डिग्रीनंतर सल्लागार, क्वारंटाईन, मित्रकीटक तयार करणाऱ्या लॅब असे रस्ते आहेत.

माती-पाण्याला लोक उगाच दुय्यम समजतात, मला तर तिघांत हाच सगळ्यात खोल विषय वाटतो. चिकणमाती पाणी खूप धरते, पण त्यातलं बरंचसं इतकं घट्ट धरलेलं असतं की साधारण १५ बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) ताणापुढे बहुतेक पिकांची मुळं ते ओढूच शकत नाहीत, म्हणजे माती हाताला ओलसर लागते आणि झाड मात्र सुकतं! पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, निचरा नसेल तर चांगली जमीन हळूहळू खारवट होते आणि मग वाण कितीही भारी असू दे किंवा फवारणी कितीही वेळेवर असू दे, फार काही हाती लागत नाही. गणित आणि फिजिक्सची मात्र तयारी पाहिजे, जमिनीतून आणि पानांतून मिळून किती पाणी उडतं ते काढायचं पेनमन-माँटिथचं समीकरण बघूनच काही जण घाबरतात. सिंचन डिझाईन, पाणलोट, माती परीक्षण, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे) असं काम मिळतं आणि शेतीबाहेर पर्यावरणाच्या क्षेत्रातही जाता येतं.

हद्दी काही पक्क्या नाहीत. गव्हासाठी १९७० चं शांततेचं नोबेल मिळालेले नॉर्मन बोरलॉग मुळात रोगशास्त्र शिकलेले आणि तांबेऱ्याला (गव्हावरच्या बुरशीच्या रोगाला) तोंड देणारे वाण काढता काढता ब्रीडिंगमध्ये नाव केलेले. म्हणून दोनात अडकला असाल तर मुख्य विषय एक घ्या आणि दुसऱ्याचे इलेक्टिव्ह घ्या. आणि फॉर्म भरण्याआधी तिन्ही कामं हाताने करून बघा, एका फुलाचे पुंकेसर काढा, दर आठवड्याला त्याच दहा झाडांची पानं उलटी करून किडी मोजा, आणि ओल्या मातीचा नमुना वजन करून १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून परत वजन करा. ज्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही ते घ्या, मार्कांचं नंतर बघता येईल.