पळसफुलांचा अर्क: योनीलेप पाहावा की गर्भाशयाचे वजन?

पळसफुलांच्या अर्काचा मादी-संप्रेरकांवर परिणाम होतो का, हे मादी उंदरांवर (रॅट) तपासायचे तर नागपूरच्या प्रयोगशाळेत पहिला प्रश्न हाच. दोन्हींसाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी लागते.

योनीलेप, म्हणजे योनीतल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, स्वस्त, आणि प्राणी मारावा लागत नाही. उंदरांचे ऋतुचक्र ४-५ दिवसांचे असते. अर्क देण्यापूर्वी दोन आठवडे रोज सकाळी ठरावीक वेळी लेप घ्या, नियमित चक्राच्याच माद्या निवडा. ड्रॉपरमध्ये थोडे सलाईन, टोक फक्त योनीच्या तोंडाशी. खोल गेले की गर्भाशयमुख चाळवते, खोटी गर्भधारणा होते आणि १२-१४ दिवस चक्र थांबून विश्रांतीच्या टप्प्यातल्या पांढऱ्या पेशीच दिसत राहतात. नवखा माणूस त्याचे श्रेय अर्काला देऊन मोकळा होतो! मे महिन्यात एसी बंद पडला किंवा रात्री दिवा चालू राहिला, तरी चक्र बिघडते.

गर्भाशयाच्या वजनाच्या चाचणीत अर्क थोडेच दिवस द्यावा लागतो; इस्ट्रोजेन (मादीचे संप्रेरक) सारखे काही त्यात असेल तर गर्भाशय जड होते. अंडाशय काढलेल्या माद्या किमान १४ दिवस ठेवायच्या, मग सलग ३ दिवस अर्क, २४ तासांनी विच्छेदन; गटात किमान ६ प्राणी. आधी गर्भाशयाचे आतल्या द्रवासह वजन, मग छेद देऊन, ओल्या फिल्टर पेपरवर टिपून पुन्हा. काढताना चीर पडली की पहिला आकडा वाया. खाद्यात सोयापेंड नको, कारण सोयाबीनमध्येच इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये असतात.

मात्र ही चाचणी इस्ट्रोजेनसारखा परिणामच दाखवते. अनोळखी अर्कासाठी आम्ही लेपच आधी घेऊ. चक्र बदलले, तरच वजनाकडे वळावे.