शस्त्रव्यवहाराचा आकडा कोणाचा धरायचा? सिप्री, संयुक्त राष्ट्रांची नोंदवही, एटीटी आणि बाकीचे

भारताने राफेल विमाने कोणत्या वर्षी घेतली? ३६ विमानांचा करार झाला २३ सप्टेंबर २०१६ ला. पहिले विमान ८ ऑक्टोबर २०१९ ला फ्रान्समधल्या मेरिन्याक इथे भारताच्या ताब्यात आले. पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला आणि शेवटचे भारतात पोहोचले डिसेंबर २०२२ मध्ये. यातली कोणतीही तारीख चुकीची नाही. मात्र शस्त्रव्यवहाराची माहिती देणारा प्रत्येक स्रोत यातला वेगळा टप्पा पकडतो. परवाना, संसदेला पूर्वसूचना, करार, प्रत्यक्ष पुरवठा हे चार टप्पे. बातमीत, प्रबंधात किंवा स्पर्धा परीक्षेच्या टिपणात आकडे चुकतात ते बहुतेक वेळा टप्प्यांची सरमिसळ झाल्यामुळे. म्हणून स्रोत निवडण्याआधी आपल्याला कोणता टप्पा हवा आहे ते ठरवा.

सिप्री: सुरुवात इथून

शस्त्रे आणि शांततेचा अभ्यास करणारी स्टॉकहोमची सिप्री ही संस्था १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्या शस्त्रहस्तांतरणाच्या माहितीसाठ्यात १९५० पासूनच्या नोंदी आहेत, दर वर्षी मार्चच्या सुमारास त्यांत भर पडते आणि सगळे मोफत आहे. सरकारने कळवो न कळवो, जाहीर स्रोत तपासून इथे नोंद होते, त्यामुळे मौन बाळगणारे देशही दिसतात. व्यवहारनिहाय यादी काढली की घेणारा, देणारा, मागणीचे वर्ष, संख्या, शस्त्राचे नाव, पुरवठ्याची वर्षे आणि शेरा मिळतो. अंदाजी आकडे वेगळे दाखवलेले असतात. ती खूण उतरवून घ्यायला विसरू नका.

गडबड होते ती टीआयव्ही (ट्रेंड इंडिकेटर व्हॅल्यू) या सिप्रीच्या एककापाशी. हा डॉलर नव्हे. शस्त्राच्या उत्पादनखर्चावरून ठरवलेले ते क्षमतेचे माप आहे. करारात किती पैसे ठरले, कर्ज होते की मदत, याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या सैन्यात वापरलेले शस्त्र नव्याच्या ४० टक्के धरतात आणि मोठी डागडुजी किंवा सुधारणा करून दिलेले ६६ टक्के. म्हणजे फुकट दिलेल्या जुन्या रणगाड्यालाही टीआयव्ही असतो. ‘भारताने इतक्या दशलक्ष डॉलरची आयात केली, सिप्रीची माहिती’ असे वाक्य दिसले की समजावे, लिहिणाऱ्याने पद्धतीचे पान उघडलेले नाही. टीआयव्ही वापरायचा तो वाटा आणि कल दाखवायला, तोही पाच वर्षांच्या गटांत, कारण एखाद्या वर्षी एक पाणबुडी दाखल झाली तरी आलेख उडी मारतो. भारताच्या आयातीत रशियाचा वाटा २०१०–१४ मध्ये ७२ टक्के, २०१५–१९ मध्ये ५५ आणि २०२०–२४ मध्ये ३६ टक्के होता. अशा विधानासाठी सिप्रीला तोड नाही.

पण या टक्क्यांच्या आत काय आहे तेही पाहा. परदेशी परवान्यावर देशात बनणारी मोठी शस्त्रेही सिप्री हस्तांतरणात धरते. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनलेली सुखोई-३० एमकेआय सिप्रीच्या हिशेबात रशियाकडून आलेलीच ठरतात. धोरणाच्या दृष्टीने हे योग्य आहे, कारण तंत्रज्ञानाचे अवलंबित्व त्यातून दिसते. पण ‘बंदरात किंवा विमानतळावर उतरलेला माल’ हा तुमचा प्रश्न असेल तर ही विमाने वजा करा. बंदुका, पिस्तुले आणि बहुतेक दारूगोळा इथे मुळातच नाही.

संयुक्त राष्ट्रांची नोंदवही: सरकार स्वतः काय म्हणते

इराकने कुवेत गिळल्यानंतर एकाच देशात इतकी शस्त्रे साठेपर्यंत कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून ९ डिसेंबर १९९१ चा महासभेचा ठराव ४६/३६ एल आला. १९९२ पासूनच्या आयात-निर्यातीची माहिती देशांनी स्वेच्छेने, पुढच्या वर्षी द्यावी अशी योजना झाली. मुदत आता ३१ मे आहे. वर्ग सात: रणगाडे, चिलखती लढाऊ वाहने, मोठ्या व्यासाच्या तोफा, लढाऊ विमाने, हल्ला करणारी हेलिकॉप्टर्स, युद्धनौका आणि क्षेपणास्त्रे व त्यांचे प्रक्षेपक. बंदुकांची माहिती देण्याची सोय नंतर आली.

इथे व्याख्याच सगळे ठरवतात. तोफेचा किमान व्यास आधी १०० मिलिमीटर होता, २००३ मध्ये तो ७५ वर आणला. त्याच वर्षी खांद्यावरून डागायची विमानभेदी क्षेपणास्त्रे सातव्या वर्गात आली, पण जमिनीवरून हवेत मारा करणारी बाकीची सगळी क्षेपणास्त्रे बाहेरच राहिली. परिणाम असा की भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाशी केलेला सुमारे ५.४ अब्ज डॉलरचा एस-४०० या हवाई संरक्षण प्रणालीचा करार नोंदवहीच्या कोणत्याच वर्गात बसत नाही. सी-१७ सारखे मालवाहू विमानही नाही. सिप्रीत दोन्ही आहेत. नोंदवहीत दिसले नाही म्हणून ‘भारताने लपवले’ असा निष्कर्ष काढणारे लेख अधूनमधून येतात. तो दोष व्याख्येचा आहे.

नोंदवहीचे पान उघडल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोरी जागा आणि शून्य यांतला फरक. ‘आमच्याकडे काहीच व्यवहार नाही’ असा शून्य अहवाल देणे आणि अहवालच न देणे, या दोन्हींतून तक्त्यात रिकामेपणाच दिसतो, पण अर्थ उलटे आहेत. दुसरी, निर्यातदाराचा आकडा आणि आयातदाराचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. ते जुळत नसतील तर लगेच लबाडीचा संशय घेऊ नका. हस्तांतरण कधी झाले ते प्रत्येक देश आपल्या निकषाने ठरवतो, त्यामुळे मेरिन्याकला ताब्यात दिलेले विमान एकाच्या वहीत २०१९ चे आणि दुसऱ्याच्या वहीत २०२० चे असू शकते. मागचे-पुढचे वर्ष धरून बेरीज करा, बरीच तफावत तिथेच मिटू शकते. तिसरी, शेऱ्याचा रकाना. शस्त्राचे मॉडेल तिथे लिहायचे असते आणि तो भरणे ऐच्छिक आहे. तो रिकामा असेल तर सातव्या वर्गातल्या ‘२००’ मध्ये क्षेपणास्त्रे किती आणि प्रक्षेपक किती हे कळायला मार्ग नाही. असा आकडा मी तरी कोणाला वापरू देणार नाही.

सहभाग हे या नोंदवहीचे जुने दुखणे. आजवर १७० हून जास्त देशांनी कधी ना कधी अहवाल दिला, पण २००० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला शंभरावर देश कळवत होते, ते प्रमाण पुढे फार घसरले. अमेरिकेने तैवानला दिलेली शस्त्रे नोंदवली म्हणून चीनने १९९८ मध्ये माहिती देणे थांबवले आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू केले. त्यामुळे नोंदवहीवरून जगाची बेरीज करू नये. ‘या सरकारने अधिकृतपणे काय कबूल केले’ एवढाच प्रश्न असेल तेव्हा मात्र हिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

एटीटी: बंधनकारक, पण दार अर्धे लोटलेले

शस्त्रव्यापार करार, म्हणजेच एटीटी, २ एप्रिल २०१३ ला महासभेत १५४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया विरोधात होते, भारत तटस्थ राहिला. २४ डिसेंबर २०१४ पासून तो लागू आहे. सदस्य देशांनी वार्षिक अहवाल देणे बंधनकारक आहे, मुदत तीच, ३१ मे. सात वर्गांशिवाय आठवा वर्ग लहान शस्त्रांचा आहे, ही नोंदवहीपेक्षा मोठी जमेची बाजू.

अडचण अशी की देश मंजूर परवाने नोंदवू शकतो किंवा प्रत्यक्ष पुरवठा. संख्या देऊ शकतो किंवा किंमत. राष्ट्रीय सुरक्षा किंवा व्यापारी गुपित म्हणून काही भाग वगळू शकतो. शिवाय अहवाल फक्त सदस्य देशांपुरता ठेवता येतो आणि असे करणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांपेक्षा वाढले आहे. दोन देशांची तुलना करण्याआधी दोघांनी कोणत्या चौकटीत खूण केली आहे ते पाहा, नाहीतर एकाचे परवाने आणि दुसऱ्याचा पुरवठा एकाच तक्त्यात बसतील.

भारत सदस्य नाही म्हणून एटीटी सोडून देऊ नका. ब्राह्मोस क्षेपणास्त्रांच्या तीन बॅटऱ्यांसाठी (प्रक्षेपक तुकड्यांसाठी) फिलिपिन्सने २८ जानेवारी २०२२ ला सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोहोचली. फिलिपिन्स २०२२ पासून सदस्य आहे, म्हणजे आयातीचा अहवाल द्यायची जबाबदारी त्याच्यावर आहे. निर्यातदार गप्प असेल तर घेणाऱ्याचे दार ठोठावायचे.

अमेरिका आणि युरोप: पैसे हवे असतील तर

अमेरिकेत ठरावीक रकमेवरचा परदेशी विक्रीचा व्यवहार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आधी कळवावा लागतो आणि ती सूचना जाहीर होते. बातमीसाठी हा सगळ्यांत लवकर मिळणारा स्रोत. पण त्यातली रक्कम ही कमाल अंदाज असते, करार नव्हे. भारताला ३१ एमक्यू-९बी ड्रोन देण्याची सूचना १ फेब्रुवारी २०२४ ला आली, ३.९९ अब्ज डॉलरची. करारावर सह्या झाल्या त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. मधल्या आठ महिन्यांत ‘भारताने खरेदी केली’ असे लिहिणे चूकच. काही सूचनांचे करार कधीच होत नाहीत.

युरोपीय संघाचे सदस्य देश शस्त्रनिर्यातीवरच्या २००८ च्या समान भूमिकेनुसार २२ वर्गांत, युरोमध्ये माहिती देतात आणि कोआर्म या संघाच्या शस्त्रनिर्यात कार्यगटाच्या ऑनलाइन तक्त्यात ती चाळता येते. सापळा दोन देशांचा आहे. फ्रान्स वाटाघाटींच्या टप्प्यावरच परवाना देतो, त्यामुळे त्याचे परवान्यांचे आकडे कराराच्या कितीतरी पट दिसतात. जर्मनी प्रत्यक्ष निर्यातीचा आकडा फक्त ‘युद्धशस्त्रां’पुरता देतो. या दोघांची थेट तुलना करू नका. लहान शस्त्रे आणि काडतुसांसाठी जकातीच्या मालवर्गीकरणातला ९३ वा अध्याय पाहा, रणगाड्यांना तो चालत नाही. ते ८७१० या क्रमांकाखाली जातात.

भारताची निर्यात शोधताना

संरक्षण मंत्रालय एकूण रक्कम देते: २०२३–२४ मध्ये २१,०८३ कोटी रुपये, २०२४–२५ मध्ये २३,६२२ कोटी. कोणत्या देशाला काय गेले याची फोड त्यात नाही, आणि सुटे भागही याच रकमेत असल्याने ती सिप्रीशी जुळवायचा खटाटोप व्यर्थ आहे. इथे शेअर बाजाराला दिलेली निवेदने कामाला येतात. पुण्याच्या भारत फोर्ज गटातल्या कल्याणी स्ट्रॅटेजिक सिस्टिम्सला १५५ मिलिमीटर तोफांची १५.५५ कोटी डॉलरची निर्यात ऑर्डर मिळाल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये असेच कळले. रक्कम होती, तोफेचा व्यास होता, देशाचे नाव नव्हते. तोफ १५५ मिलिमीटरची म्हणजे नोंदवहीच्या तिसऱ्या वर्गात बसते, तेव्हा पुढच्या वर्षांत कोणत्या आयातदाराने त्या वर्गात भारताचे नाव लिहिले ते तपासायचे.

मग निवड कशी करावी

कल आणि वाटा हवा असेल तर सिप्री, पाच वर्षांचे गट. सरकारला प्रश्न विचारायचा असेल, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा संसदेतला प्रश्न तयार करायचा असेल, तर नोंदवही, कारण सरकारचाच आकडा समोर ठेवता येतो. लहान शस्त्रांसाठी एटीटी आणि जकात. ताज्या बातमीसाठी अमेरिकेची सूचना, ‘प्रस्तावित’ हा शब्द न गाळता. वेळ एकाच स्रोतापुरता असेल तर मी सिप्रीची व्यवहारनिहाय यादी घेईन, टीआयव्हीचा रकाना झाकून ठेवीन आणि फक्त संख्या व वर्षे वापरीन.

ज्या दिवशी माहिती उतरवली ती तारीख मात्र फाइलच्या नावातच घाला. सिप्री नवी माहिती मिळाली की मागची वर्षेही दुरुस्त करते, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा तुमचा तक्ता आणि आजचा तक्ता सारखा येणार नाही.