हवामान खात्याचे अंदाज पुणेकरांच्या किती कामाचे?

एप्रिलचा हंगामी अंदाज घरच्या नियोजनासाठी वापरूच नका. तो देशभराच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाचा: सरासरी ८७ सेंटीमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सामान्य’. शिवाजीनगरला जुलैत किती पडेल, हे त्यातून कळत नाही. दर गुरुवारचा विस्तारित, म्हणजे पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज उत्तम. पेरणी, लग्नाचा हॉल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यावर ठरवावं. पहिले दोन आठवडे भरवशाचे, पुढे नुसता कल समजा.

जिल्ह्याचा इशारा मात्र नीट वाचा. ऑरेंज अलर्ट बऱ्याचदा घाटमाथ्यापुरता असतो. ताम्हिणीत धो धो कोसळत असताना बारामतीत भुरभुरही नसते. म्हणून ‘घाट विभाग’ हे शब्द आधी शोधा. पण शहरानेही तो इशारा सोडून देऊ नये: पानशेत-वरसगाव धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं, आणि तिथून मुठेत विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो.

पावसाचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ असा २४ तासांचा असतो, त्यामुळे ‘आजचे ४० मिमी’ बहुधा काल संध्याकाळचे.

अंदाजांची कमकुवत बाजू म्हणजे मे महिन्यातला वळीव. ढग तासा-दोन तासांत उभा राहतो. तिथे तीन तासांचा तात्कालिक इशाराच कामाला येतो.