रोपवाटिकेची घरपोच ऑर्किड: गॅस्ट्रोकायलस रेट्रोकॅलस

दुर्मीळ लहान ऑर्किड घरपोच पाठवणाऱ्या एका रोपवाटिकेकडून मी गॅस्ट्रोकायलस रेट्रोकॅलस ही मूळची तैवानची जात मागवली. जुन्या याद्यांत ती हाराएला या नावाने आढळते, त्यामुळे शोधताना दोन्ही नावे पाहावीत. रोप बुचाच्या सालीवर बांधलेले होते, मुळांभोवती स्फॅग्नम शेवाळाचा पातळ ओलसर थर होता आणि मुळांची टोके हिरवीगार होती. खरेदी करताना फुलापेक्षा ही टोकेच आधी तपासावीत.

मला सर्वाधिक भावली ती रोपाच्या उगमाविषयीची स्पष्टता. ऑर्किडचे संपूर्ण कुळ साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कक्षेत येते, तरीही जंगलातून ओरबाडलेली रोपे विकली जातात. बुरशीच्या साहाय्याशिवाय, साखरयुक्त माध्यमावर ऑर्किडचे बी रुजवता येते हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी 1922 मध्ये दाखवून दिले, तेव्हा अशा लुटीला कोणतीच सबब उरत नाही. येथे प्रत्येक चिठ्ठीवर रोप प्रयोगशाळेत बियांपासून वाढवल्याची नोंद आहे.

सोबतचे निगा-पत्रक मात्र अपुरे वाटले. रोज पाणी फवारावे एवढेच त्यात लिहिले आहे; वास्तविक सालीवरची मुळे लवकर सुकत असली, तरी हवा खेळती नसेल तर पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्याने कोंब कुजतो, आणि एकाच खोडावर वाढणाऱ्या या जातीला तो धक्का सहसा झेपत नाही. सकाळी फवारणी करून संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होऊ द्यावीत, ही एक ओळ पत्रकात असायलाच हवी होती.

पिवळसर पाकळ्या आणि गडद तपकिरी ओठ (ऑर्किडची वेगळ्या आकाराची खालची पाकळी) असलेले फूल रोपाच्या मानाने चांगलेच मोठे असते. नवख्यांनीही हे रोप येथून निःशंकपणे मागवावे.