सी पुसून देणारे सर

लेकीच्या कॉलेजच्या ग्रेड सुधारून देतो म्हणणाऱ्या एका 'सरां'च्या नादी लागून आमचे ६,८०० डॉलर गेले. त्यातले १,५०० परत आले, तेही आमच्या हुशारीने नव्हे. कसे ते पुढे सांगते. पण पैशांपेक्षा लेकीचं एक अख्खं वर्ष गेलं याची चुटपुट जास्त आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांतून हाच विषय सध्या आणखी कुठे ना कुठे चालू असणार, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय. मी पेशाने अकाउंटंट आहे. दुसऱ्याच्या हिशेबात दहा डॉलरचा फरक निघाला तर मला झोप लागत नाही. आणि स्वतःच्या घरात मात्र एक साधा भागाकार करून पाहिला नाही.

लेकीला डॉक्टर व्हायचंय हे ती सातवीपासून सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिला मोनो हा विषाणूचा आजार झाला. ताप, घसा, अंगात त्राण नाही, दिवसाचे सोळा तास झोप. ती म्हणत होती, या सेमिस्टरमधून विथड्रॉ करते. आम्ही म्हटलं, "अगं, फी भरलीय, कशाला वाया घालवतेस? रेट थोडं." पहिलं सेमिस्टर आजारात गेलं, दुसरं मागचं भरून काढण्यात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन्ही भाग, फिजिक्स आणि जेनेटिक्स, अशा चार-चार क्रेडिटच्या चार विषयांत सी. पुढची दोन वर्षं तिने जीव तोडून केली, तरी २०२३च्या मे महिन्यात पदवी मिळाली तेव्हा १२० क्रेडिटवर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, होता चारपैकी ३.१५. त्या उन्हाळ्यात एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेशपरीक्षा, दिली, ५०९ आले. ५२८ पैकी ५०९ म्हणजे वाईट नाही. पण एमडीच्या, म्हणजे इथल्या नेहमीच्या मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए पावणेचारच्या आसपास असतो, त्यापुढे ३.१५ म्हणजे फारच तोकडा.

इथे आमच्या डोक्यात जे घट्ट बसलं होतं ते आधी सांगायला हवं, कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी राहिली. मी सांगलीची. आमच्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेडिकलचा प्रवेश व्हायचा. माझ्या चुलतभावाला कमी पडले, त्याने ड्रॉप घेतला, पुन्हा बारावी दिली, नवी मार्कशीट आली आणि जुनी काकूंनी ट्रंकेत टाकली. आजही 'नीट' ही प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली की मागच्या वर्षीचा स्कोअर कुणी विचारत नाही. तेव्हा 'मार्क सुधारणे' याचा आमच्या लेखी अर्थ एकच: नवं आलं की जुनं गेलं. अमेरिकेत बावीस वर्षं राहूनही हा अर्थ बदलला नव्हता.

२०२३च्या गणपतीत मंडळाने भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या कॅफेटेरियात बटाटेवड्याच्या रांगेत आमची आणि 'सरां'ची ओळख झाली. नाव लिहीत नाही. पन्नाशीचे, पुण्याकडची भाषा, हातात लेकीच्या वयाच्या पोरांचे फोटो असलेलं माहितीपत्रक. "ताई, सी आहेत ना? मग काळजीच नाही. ए असते तर मी काही करू शकलो नसतो," असं म्हणून ते हसले आणि आम्हीही हसलो. पुढच्या रविवारी ते घरी आले. आमटी-भात जेवले. वाढप झाल्यावर बॅगेतून एक छापील कागद काढून टेबलावर सरकवला. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ कॉलेजांच्या (इथे डॉक्टर होण्याची ही दुसरी वाट) सामाईक अर्जाचे, आकोमासचे नियम. त्यात पिवळ्या पेनने रंगवलेली ओळ: विषय पुन्हा घेतला असेल तर शेवटची ग्रेड धरली जाईल.

तो कागद खोटा नव्हता. जुना होता. २०१७च्या मे महिन्यापासून आकोमासने ही पद्धत बंद केली; तेव्हापासून विषय जितक्या वेळा घेतला तितक्या सगळ्या ग्रेड हिशेबात येतात. एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जात, ॲमकॅसमध्ये तर सगळेच प्रयत्न मोजले जातात. कागदाच्या कोपऱ्यात वर्ष असणारच, पण तो कोपरा फोटोकॉपीत कापला गेला होता. मी रोज पावत्यांवरच्या तारखा तपासते. त्या दिवशी मात्र मी सरांना पुन्हा आमटी वाढत होते.

शिवाय लेकीच्या कॉलेजच्या संकेतस्थळावर 'ग्रेड रिप्लेसमेंट' असं खरंच लिहिलेलं होतं, ते मी स्वतः वाचलं होतं. त्यामुळे सरांचं म्हणणं पटलं. खाली लिहिलेलं वाचलं नाही: फक्त डी किंवा एफ असेल तरच, आणि विषय त्याच कॉलेजात पुन्हा घेतला तरच. आणि हे करूनही बदलतो तो कॉलेजचा स्वतःचा जीपीए. ॲमकॅस कॉलेजचा जीपीए उचलून घेतच नाही. ते ट्रान्सक्रिप्टवरची एकेक ओळ पाहून आपला वेगळा जीपीए काढतात, आणि बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा तर आणखी वेगळा.

सरांचा प्रस्ताव असा होता: एका ऑनलाइन 'युनिव्हर्सिटी'तून चारही विषय पुन्हा करायचे, आठ-आठ आठवड्यांत, घरबसल्या. विषयाला १,३०० डॉलर आणि वर त्यांच्या मार्गदर्शनाचे १,६००. "क्रेडिट कार्डने दिलेत तर तीन टक्के वर जातील ताई, झेलने पाठवा, आपल्यात कशाला." तीन हप्त्यांत ५,३०० झेलने, म्हणजे बँकेच्या खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने, गेले. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी आमची झेलची मर्यादा दुसऱ्याच कुठल्या खर्चात संपली होती, म्हणून १,५०० नाइलाजाने कार्डवर दिले. वर म्हटलेले परत आलेले पैसे ते हेच.

ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले. ऑरगॅनिकची पहिली चाचणी मी तिच्या खांद्यावरून पाहिली. वीस प्रश्न, चार-चार पर्याय. चुकलं की पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' यायचं आणि तोच प्रश्न त्याच चार पर्यायांसह परत. सगळे बरोबर येईपर्यंत. प्रयोगशाळेचं किट घरी येईल असं सांगितलं होतं, ते आलंच नाही. त्याऐवजी एक चित्रफीत होती, त्यात बीकरवर क्लिक केलं की पाणी निळं व्हायचं. लेक लॅपटॉप बंद करून म्हणाली, "आई, मी यात काहीच शिकत नाहीये. मला हे विचित्र वाटतंय." मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "ए मिळतोय ना? मग झालं तर."

ही गोष्ट सांगायची नव्हती, पण ती गाळली तर बाकी सगळं सरांवर ढकलल्यासारखं होईल.

मार्चमध्ये चार ए असलेलं ट्रान्सक्रिप्ट जाड पाकिटात आलं, सोनेरी शिक्का वगैरे. मे महिन्यात ॲमकॅसचे अर्ज पाठवायला सुरुवात होणार होती. सर म्हणाले, निबंध लिहायला लागा. एवढ्यात लेकीला शिफारसपत्रांसाठी मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या कॉलेजच्या प्री-हेल्थ सल्लागार बाईंकडे जावं लागलं. इतकी वर्षं ती त्यांना टाळत होती. सी घेऊन कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून. तो सल्ला माजी विद्यार्थ्यांनाही फुकट मिळत होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाईंनी पाकीट पाहिलं, संस्थेचं नाव अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत टाकलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. शून्य निकाल. पाकिटावर ज्या मान्यता देणाऱ्या मंडळाचा शिक्का होता, ते मंडळ शिक्षण खाते किंवा उच्च शिक्षण मान्यता परिषद, दोघांच्याही यादीत नव्हतं. शिक्का खराच होता, पण बहुधा त्याच लोकांनी स्वतःसाठी काढलेला. सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

लेक घरी आली आणि सरळ खोलीत गेली. रात्री मी पटेल ब्रदर्सच्या पावतीच्या पाठीमागे तो भागाकार केला, सहा महिने उशिरा. एका क्रेडिटला ए असेल तर चार गुण, सी असेल तर दोन. १२० क्रेडिट गुणिले ३.१५ म्हणजे ३७८ गुण. सर म्हणत होते तसे चार सी खरंच पुसले जाऊन चार ए आले असते, तर ४१० भागिले १२०, म्हणजे ३.४२. याच आकड्यावर आम्ही भाळलो होतो. पण जुने सी तिथेच राहतात आणि नवे ए त्यात मिळवले जातात, म्हणजे ४४२ भागिले १३६. ३.२५. आणि संस्थाच मान्यताप्राप्त नाही म्हटल्यावर तेही नाही: ३.१५, जिथे होतो तिथेच.

त्यापुढची गोष्ट बाईंनी सांगितली. ती कळली असती तर सरांकडे जायची वेळच आली नसती. सी म्हणजे बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या लेखी विषय पूर्ण झालेला. डी किंवा एफ असेल तर तो विषय पुन्हा घ्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण सी असलेला विषय पुन्हा घेतला काय किंवा त्याच्या वरचा नवा विषय घेतला काय, ॲमकॅसच्या जीपीएत दोन्हीचं वजन सारखंच. मग ऑरगॅनिक पुन्हा घोकण्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, इम्युनॉलॉजी असे वरचे विषय घेऊन त्यांत ए मिळवले, तर मुलगी पुढे आलीय हे निदान दिसतं. पावतीवरच्या त्याच ३.२५ ला तेव्हा काही अर्थ असतो.

मी सरांना फोन केला. आधी म्हणाले, "ताई, तुम्ही करार वाचला नाहीत का?" एका पानाचा होता. तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की क्रेडिट स्वीकारायचं की नाही हे समोरच्या संस्थेच्या मर्जीवर आहे. सही माझीच. मग सूर बदलला. "मग असं करा, हे कॉलेज अर्जात दाखवूच नका. आणि हो, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलसमध्ये बी-मायनस आलेला ना? तोही लिहू नका, तेवढाच जीपीए वर." इथे मात्र माझ्यातली अकाउंटंट जागी झाली. कॉलेजचा एकही विषय जिथे घेतला, अगदी हायस्कूलमध्ये असताना घेतलेला असला तरी, ती प्रत्येक संस्था अर्जात लिहावी लागते आणि तिथून थेट ट्रान्सक्रिप्ट मागवावं लागतं. लपवल्याचं उघडकीस आलं तर ॲमकॅस चौकशी करतं आणि ती मेडिकल कॉलेजांना कळवली जाते. ३.१५ घेऊन अर्ज करणारी मुलगी उद्या पुन्हा उभी राहू शकते. खोटा अर्ज करणाऱ्या मुलीला कोण उभं करणार? मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला.

कार्डच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. कराराची प्रत, माहितीपत्रक आणि शिक्षण खात्याच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला. दोनेक महिन्यांनी १,५०० परत आले. झेलचं मात्र बँकेने सरळ सांगितलं: पैसे तुम्ही स्वतः, तुमच्या मर्जीने पाठवलेत. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि न्यू जर्सीच्या ग्राहक विभागाकडे तक्रारी केल्यात, पोच आली आहे. पुढे काय होतं ते बघू. तीन टक्के वाचवायला गेलो आणि ५,३०० घालवले, असं नवरा अजून अधूनमधून म्हणतो. चिडून नाही, पण म्हणतो.

लेक आता दिवसा एका दवाखान्यात स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याचं, काम करते आणि संध्याकाळी सरकारी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री. पहिल्या परीक्षेत ८४ आले. चार पर्यायांतला एकही पर्याय 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत नाही, असं ती परवा हसत म्हणाली, म्हणून हे लिहायचं धाडस झालं.

यंदाच्या गणपतीत तेच हायस्कूल, तोच कॅफेटेरिया. मंडळाच्या अंकात सरांची पानभर जाहिरात होती. मी संपादकांना कळवलं होतं, पण तोवर अंक छापून झाला होता. सर स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी एका जोडप्याशी बोलत होते. त्या जोडप्यातल्या बाईंच्या मांडीवर माहितीपत्रक होतं. मी वडा घेतला आणि जाऊन त्यांच्याच शेजारी बसले. सर उठून चहा आणायला गेले तेव्हा पर्समधून ती पावती काढली, अजून जपून ठेवलीय, आणि उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "तुमच्या मुलाचे क्रेडिट किती आहेत?"

त्यांनी सरांच्या दिशेने एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.