खांद्याची ओपीडी : वैद्यकीय महाविद्यालयातील एका सेवेचे परीक्षण

माझा धाकटा भाऊ कबड्डीत चढाई करतो. 19व्या वर्षी एका पकडीत हात मागे ओढला जाऊन त्याचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला आणि त्यानंतरच्या वर्षभरात तो आणखी दोनदा निखळला. जवळच्या एका रुग्णालयाने तिन्ही वेळा खांदा बसवून, हात झोळीत घालून आम्हाला घरी पाठवले. इतक्या कमी वयाच्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याचा धोका किती मोठा असतो, हे मात्र कोणीही सांगितले नाही. शेवटी आम्ही एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, खांदा आणि क्रीडादुखापतींच्या ओपीडीत गेलो. ही ओपीडी तेथील अस्थिरोग विभागाच्या एका प्राध्यापक सर्जनांनी उभी केली आहे.

पहिली तपासणी निवासी डॉक्टरांनी केली. त्यांनी दंडाच्या वरच्या, बाहेरच्या भागावर कापूस फिरवून स्पर्श कळतो का ते पाहिले, कारण खांदा निखळताना तिथली संवेदना नेणारी नस ताणली जाऊ शकते. तीन वेळा खांदा बसवला गेला, तरी ही साधी तपासणी आम्ही प्रथमच पाहत होतो. मग सर आले. त्यांनी भावाचा हात वर उचलून बाहेरच्या बाजूला वळवताच तो घाबरून आखडला. सर तिथेच थांबले आणि शस्त्रक्रिया कोणती करायची व का, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले.

पुढची चर्चा आमच्यासमोर आणि बरीचशी मराठीत झाली. खांद्याच्या सांध्यातील खोबणीच्या पुढच्या कडेपासून सुटलेली कूर्चा पुन्हा जागेवर शिवावी, असे एका विद्यार्थ्याचे मत होते; लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी 1923मध्ये मांडलेला हा मार्ग. सरांनी त्याला सीटी स्कॅन पुन्हा पाहायला लावला. कडेचे हाडच बरेच झिजले होते, त्यामुळे नुसती शिवण कबड्डीच्या झटापटीत टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून फ्रान्समधील ल्यों येथील सर्जन लातार्जे यांनी 1954मध्ये वर्णन केलेली शस्त्रक्रिया ठरली : खांद्याच्या पुढच्या भागातला हाडाचा तुकडा, त्याला जोडलेल्या स्नायूबंधासह, झिजलेल्या कडेवर स्क्रूने बसवायचा, म्हणजे हाडाची उणीव भरून निघते आणि हात वर जाताच तो बंध पट्ट्यासारखा पुढून आधार देतो. शिकवणाऱ्या सर्जनकडे जाण्याचा सर्वांत मोठा लाभ मला यातच दिसतो, कारण त्यांना आपल्या निर्णयाचे कारण रोज कोणाला तरी पटवून द्यावे लागते आणि ते कारण रुग्णाच्याही कानावर पडते.

गैरसोयी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. केसपेपरच्या खिडकीपासून डॉक्टरांपर्यंत पोहोचायला आम्हाला चार तास लागले, बाके अपुरी होती आणि शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली.

फिजिओथेरपी मात्र अतिशय शिस्तीची होती. पुढे वाकून हात लंबकासारखा हलवण्याचा जो व्यायाम भावाला शिकवला, तो बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद सर्जनने ठेवलीच पाहिजे, हा आग्रह याच कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धरला होता. या युनिटमध्ये तो आजही पाळला जातो, हे मला विशेष मोलाचे वाटते. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात जिल्हा स्पर्धेसाठी प्रशिक्षक घाई करू लागले, तेव्हा सरांनी स्पष्ट नकार दिला. मार्च 2021मध्ये पुण्याच्या सामन्यात खांदा दुखावलेला श्रेयस अय्यर शस्त्रक्रियेनंतर थेट सप्टेंबरमध्ये मैदानात परतला होता, याची आठवण फिजिओथेरपिस्टने करून दिल्यावर भाऊही शांत झाला.

वर्ष पूर्ण होताच युनिटमधून फोन आला. निवासी डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांची हालचाल कोनमापकाने मोजली. उजवा हात बाहेरच्या बाजूला थोडा कमी वळतो. असे होऊ शकते, हे सरांनी शस्त्रक्रियेआधीच सांगितले होते. डॉक्टरांनी तो आकडा आमच्यादेखत नोंदवहीत लिहिला आणि पुढच्या वर्षीची तारीख दिली.